सिस्टरसाठी खोली

३ फेब्रुवारी

चिरंजीव उदयसिंह, कसा आहेस? पाठीतली चमक कमी झाली का? भट्टीपुढं वाकून बसताना बुडाखाली पाट घेत जा म्हणून किती वेळा सांगितलं. सूनबाई संयोगिताचं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा घेऊ नको म्हणावं, आधी भाकरीचा तुकडा मोडावा. वीरधवलच्या चष्म्याचा नंबर वाढला नाही ना? आणि प्रियदर्शनीचा पुढचा दात आला का? कोईमतूरच्या पाण्यानं तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, ते बसलं असं तू म्हणालास, पण मी पुढचं विचारायच्या आत "आप्पा, गिऱ्हाईक हाय, ठेवतो" झालं.

म्हणून ही वही धरली. तुझ्याच दुकानाची डायरी आहे, दिवाळीला पाठवलेली. प्रत्येक पानाच्या तळाला दुकानाचा पत्ता तमिळमध्ये छापलाय. मला एक अक्षर लागत नाही, पण तू तिथं खाली बसून ऐकतोयस असं वाटतं. पाठवायची नाही ही. पण दिवसभरातलं कुणाला तरी सांगितल्याबिगर मला अन्न गोड लागत नाही, आणि तुझी आई साळू ऐकता ऐकता घोरायला लागते.

इकडं आम्ही बरे. तिचे गुडघे तिच्यावर रुसलेत. माझा खोकला जुनाच. तरुणपणी तेजाबाचा धूर गिळून लोकांचं सोनं गाळून दिलं, तो धूर अजून आत मुक्कामाला आहे.

करंजमाळ तू बघून गेलास तसंच. सगळी तरणी माणसं गलाईला, सोनं गाळायच्या धंद्याला, कुणी केरळात, कुणी बंगालात. घरं मात्र एकापेक्षा एक चढ. जालिंदरशेठनं दारापुढं पांढरे खांब उभे केलेत, बघून सरकारी कचेरी वाटावी. सगळ्यांच्या किल्ल्या माझ्या पडवीत खिळ्यांना. सकाळी एक फेरी मारतो, कुठं नळ गळतोय का, कुठं मांजर व्यालंय का बघतो. लोकांचा विश्वास आहे हे काय थोडं झालं?

७ फेब्रुवारी

आज एक बरी गोष्ट. गावाला नवीन सिस्टर मिळाली. राजेश्वरी नाव, मिरजेकडची, अंगानं काटकुळी पण आवाज खणखणीत. सरकारी उपकेंद्राचा स्लॅब मागच्या वर्षी खाली आला, त्यामुळं ती देवळापुढच्या कट्ट्यावर बसूनच म्हाताऱ्यांचं बीपी बघत होती. माझं बघून म्हणाली, "आप्पा, तुमचं माझ्यापेक्षा बरं हाय की!" कट्ट्यावरच्या बाया हसल्या.

मग तिला रंगुबाईकडं घेऊन गेलो. तू रंगुबाईला ओळखतोस, मळवीच्या वस्तीच्या टोकाला पत्र्याची खोली, मेंढरंवाली. तिचा पोरगा बिराप्पा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उसाच्या रानात खतासाठी बसवायला गेलाय. सून शिवांजली एकटी, पोटुशी. पहिलं लेकरू विट्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेलं होतं. हे दुसरं.

सिस्टरनं तिचे पाय दाबून बघितले. बोट उठलं तिथं खड्डा तसाच राहिला. हाताला पट्टा बांधून फुगवला, परत फुगवला.

"मावशी, हिचं बीपी चढायलंय," ती म्हणाली. "एक दिवसाआड बघायला पाहिजे. आणि अवेळी डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मी हाकेवर पाहिजे. विट्यात राहून काय उपेग? संध्याकाळची गाडी बंद झालीय तुमची."

"मग हितंच ऱ्हावा की बाई," रंगुबाई म्हणाली. "माझ्याकडं ऱ्हावा. शेरडं भाईर बांधते मी."

एका खोलीत सासू, सून, चूल, आणि ही राहा म्हणते! सिस्टर हसली, पण डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मला म्हणाली, "आप्पा, माझ्या ऑर्डरीतच लिहिलंय, गावात राहायचं म्हणून. एक खोली, आतनं कडी, आणि संडास. एवढं बघा. चैताच्या यात्रेच्या आगंमागंच हिचे दिवस भरतील, तोवर तरी. न्हाईतर सायेब मला सोय असेल त्या गावाला टाकतील."

मी म्हटलं, "सिस्टर, अख्खं गाव रिकामं हाय. तुमी खोलीची कसली काळजी करताय!"

११ फेब्रुवारी

जालिंदरशेठला कोचीनला फोन लावला. एवढ्या मोठ्या घराला मागं ड्रायव्हरची वेगळी खोली आहे, संडास-मोरीसकट. ड्रायव्हर वर्षातनं चार दिवस येतो.

"आप्पा, काय बोलताय, इचारायचं काय त्यात?" शेठ म्हणाला. "गावाचं काम हाय. दिली म्हणून समजा. पोरगी कुठली म्हणाला?"

"मिरजेकडची."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. शेठ खाकरला. मग म्हणाला, "तसं काय न्हाई हो आप्पा, आपुन तसलं काय मानत न्हाई. पर खाली देवघर हाय, आमची म्हातारी जुन्या वळणाची. आनि ती फरशी बाहेरच्या देशातली हाय, फिनेलनं डाग पडत्यात."

ड्रायव्हरच्या खोलीला शहाबादी आहे. पण असू दे. त्याच्या आईचं मन दुखवायचं नसेल त्याला. आईला जपणारी पोरं आता राहिलीत कुठं?

१२ फेब्रुवारी

गावच्या ग्रुपवर टाकलं. तूही त्यात आहेस, बघितलं असशील. शेजारच्या आबाच्या नातीनं लिहून दिलं: 'गावासाठी सिस्टर आली आहे, राहायला एक खोली पाहिजे, जागा देणाऱ्यानं आप्पाला फोन करावा.'

घटकाभरात अंगठेच अंगठे. फुलं, हात जोडलेले. सर्जेरावशेठनं अहमदाबादेतनं लिहिलं, 'अभिमान आहे गावाचा.' एकानं वडिलांच्या स्मरणार्थ बीपीचं मशीन देतो म्हणून कळवलं, त्यावर नाव कोरून पाहिजे. फोन एकाचाही आला नाही. तुझाही अंगठा होता, तो बघून बरं वाटलं. आपला पोरगा चांगल्या कामात मागं राहत नाही.

कुणी तरी खाली विचारलं, 'सिस्टर कोणाच्यातली आहे?' त्याला कुणी उत्तर दिलं नाही. पण सगळ्यांना ठाऊक झालेलं दिसलं.

बंद पडलेल्या शाळेची खोली मागायला ग्रामसेवकाकडं गेलो. तो म्हणाला, वरनं परवानगी लागते. मी म्हटलं, वर म्हणजे कुठं? त्यानं छताकडं बघितलं. छत गळतंयच.

२२ फेब्रुवारी

सिस्टर एक दिवसाआड येतेच. सकाळच्या गाडीनं उतरते, शिवांजलीला बघते, मग परतीच्या गाडीपर्यंत आपल्या पडवीत टेकते. तुझी आई तिला ताक, भाकरी, वर लसणाची चटणी देते. तिच्यासाठी एक पेला आणि ताटली वेगळी काढून खिडकीत ठेवलीय. म्हणाली, "दवाखान्यातल्या मान्सांला सोच्छता लागती." मायाळू आहे साळू, एवढं बारीक कुणाच्या लक्षात आलं असतं? सिस्टर खाऊन झालं की स्वतः विसळून परत खिडकीत पालथं घालते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

आज तिनं वर बघितलं. "आप्पा, माडीवर कोण राहतं?"

"उदयची खोली ती," मी म्हटलं. "त्याचा पलंग हाय, पंखा हाय. शेजारी संडास बांधून घेतलाय सूनबाईसाठी."

"कधी आले होते?"

"गेल्या यात्रेला. रोज झाडतो मी. खिडकीतनं असं वारं येतं म्हणून सांगू!"

ती जिन्याकडं बघत राहिली. मग पेला पालथा घातला आणि म्हणाली, "चांगली हाय खोली." गाडीला अजून वेळ होता, तरी उठून फाट्याला गेली.

२ मार्च

आज मनाचा हिय्या केला. शिवांजलीचे हातही सुजलेत, बांगडी फिरत नाही. मी जालिंदरशेठच्या ड्रायव्हरच्या खोलीचं कुलूप काढलं. म्हटलं, एकदा ती राहिली, सगळ्यांनी बघितलं, की शेठ काय हाकलून देतोय? झाडून घेतली, घागर भरून ठेवली. सिस्टर विट्यातनं बॅग घेऊन आली. बॅग टेकवते न टेकवते तोच माझा फोन वाजला.

"आप्पा, अंगणात कोण हाय?"

कोचीनमधनं! मी इकडंतिकडं बघितलं. शेठ म्हणाला, "वर बघा. खांबाला."

खांबाला कॅमेरा. मला दिव्याचं काहीतरी वाटलं होतं.

"शेठ, पोटुशी पोर अडचणीत हाय—"

"पोटुशी माझ्या घरात हाय काय? आप्पा, तुमच्यावर भरवसा टाकला आनि तुमी माझ्याच घराचं कुलूप काढता? तिला म्हणावं उचल बॅग. मी बघतोय हितनं."

"शेठ, वाईच ऐकून तर घ्या..."

"बघतोय मी, आप्पा."

सिस्टरनं ऐकलं सगळं. कॅमेऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, बराच वेळ. मग बॅग उचलली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, मनावर घेऊ नका, शेठ रागीट हाय पर मनाचा वाईट न्हाई."

"तुमच्या गावात मनाचं वाईट कुणीच नाही, आप्पा," ती म्हणाली.

खरंच आहे ते.

संध्याकाळी शेठचा मेव्हणा येऊन किल्ल्या घेऊन गेला. एकट्या शेठच्या नाही, सगळ्यांच्या. ग्रुपवर ठरलं म्हणे. खिळे नुसते राहिले भिंतीत. साळू म्हणाली, "बरं झालं, उगं नसती उठाठेव." जेवलो नाही.

१९ मार्च

सिस्टरची ऑर्डर निघाली. तिकडं घाटाखालच्या एका गावात शाळेच्या हेडमास्तरनं स्वतःच्या घरातली खोली दिलीय. निरोप घ्यायला आली. शिवांजलीच्या हातात कागद दिला, काय झालं तर कुणाला फोन करायचा तो. रंगुबाईला सगळं परत परत बजावलं. रंगुबाई नुसती मान हलवत होती. शिवांजलीनं सिस्टरचा पदर धरला तो सोडेना. म्हणाली, "ताई, तुमी असल्यावर माज्या पोटात भ्या न्हवतं." पोर चोवीस वर्षांची नाही अजून.

फाट्यापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "सिस्टर, माफी करा. मी सगळ्यांना विचारलं. एक घर सोडलं नाही."

"एक सोडलंत, आप्पा."

गाडी आली, ती चढली. वाटभर डोकं खाजवत आलो. सर्जेरावाच्या मळ्यातलं घर म्हणत असावी. पण त्याला अजून खिडक्यांची तावदानं नाहीत, बाईमाणूस राहणार कसं?

२४ मार्च

काही विशेष नाही. ऊन लय. दुपारी वर जाऊन तुझी खोली झाडली. पलंगावर जरा टेकलो. खिडकीतनं वारं येत होतं आणि रंगुबाईचा पत्रा तिथनं सरळ दिसत होता. इतक्या जवळ आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. खालनं साळूनं हाक मारली तरी बराच वेळ उठवेना.

५ एप्रिल

नवी सिस्टर आठवड्यातनं एकदा येते म्हणतात. अजून आलेली दिसली नाही. नाव कोरलेलं बीपीचं मशीन आलं. ग्रामपंचायतीत कपाटात आहे, पाकिटासकट. वापरणारं कुणी नाही.

१७ एप्रिल

यात्रा झाली.

तू आलास, भेटलास, बरं वाटलं. तुम्ही विट्याला लॉजवर उतरलात. पोरांना एसीबिगर झोप लागत नाही हे मला पटतं. मी नवी चादर घातली होती, ती घडीची घडी राहिली. मळली नाही एवढंच.

गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आळीत, देवळापुढं, मळवीच्या वाटेवर गाड्याच गाड्या. भैरोबाची पालखी कशीबशी निघाली. दुपारी मंडपात सत्कार सुरू झाले. गावाला वेशीवर कमान बांधायची, तिच्या देणगीदारांचे. तुझंही नाव पुकारलं. माझी छाती फुगली.

तेवढ्यात रंगुबाई अनवाणी पळत आली. "आप्पा! शिवांजलीचं डोळं फिरलं! दात बसलं!"

मी सिस्टरला फोन लावला. तिकडनं ती ओरडत होती, "फिट आलीय. डाव्या कुशीवर वळवा. तोंडात काय घालू नका. गाडी काढा आप्पा, आधी गाडी काढा!"

सरकारी गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली. मळवीच्या वाटेवर तोंडालाच जालिंदरशेठची मोठी गाडी आडवी, मागं बाकीच्या. ड्रायव्हर गायब. मी मंडपात गेलो, माइकवाल्याचा सदरा धरला. "पुकार, गाड्या काढा म्हणावं!"

"आप्पा, थांबा की वाईच. सत्कार चाललाय. एवढी चार नावं होऊ द्यात."

स्टेजवर तू होतास. मी खालनं हात केला. तू हातानं 'दोन मिनिटं' अशी खूण केलीस. मला समजलं, शाल अंगावर पडत होती, तसं मधनं उतरता येत नाही.

शेवटी कुणी तरी बाजेवरच उचललं तिला. गाड्यांच्या मधनं जागा नव्हती, तर गाड्यांच्या बोनेटवरनं बाज सरकवत नेली. जालिंदरशेठ धावत आला, "आरं, पेंट! पेंट!" मग बाजेवर कोण आहे ते बघून बाजूला सरला. फाट्यावर शेरडं विकणाऱ्याचा पिकअप होता. त्यानं शेरडं खाली उतरवली आणि तिला घातलं.

विट्यातनं मिरजेला पाठवलं. लेकरू वाचलं. मुलगी आहे. शिवांजली रात्र काढू शकली नाही.

माइकवर नंतर पुकारलं गाड्या काढायला. मंडपातली माणसं जेवायला उठली होती, त्यामुळं गाड्या लवकर निघाल्या.

२३ एप्रिल

गाव रिकामं झालं. परवा जालिंदरशेठ निघताना घरी आला, किल्ल्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "आप्पा, झालं गेलं विसरा. तुमच्यासारखं भरवशाचं माणूस दुसरं हाय कोण?" शिवांजलीसाठी हळहळला. म्हणाला, कमानीला तिचं नाव द्यावं असं ग्रुपवर सुचवतो. साळूनं त्याला आपल्या चांगल्या कपात चहा दिला. मी किल्ल्या परत खिळ्यांना लावल्या. काय करू? कुणी तरी बघायला पाहिजेच की.

राजेश्वरी सिस्टर काल गावात आली होती. आपल्याकडं आली नाही, परस्पर रंगुबाईकडं गेली. लेकराला मांडीवर घेऊन बसली, बिराप्पाला पावडरच्या दुधाचं समजावून सांगत होती. त्याची दाढी वाढलीय, मान वर करून बघत नाही. मी दारात उभा राहिलो तर सिस्टरनं नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा.

आज सकाळी मी तूप आणि खारीक घेऊन गेलो. रंगुबाईनं दारातच थांबवलं. आत लेकरू रडत होतं, पत्रा तापायला लागला होता. मी म्हटलं, "रंगू, काय लागलं तर सांग. कुणाला फोन लावायचा तर लावतो. सर्जेरावशेठला म्हणतो, पोरीच्या नावानं काहीतरी करा म्हणून."

ती म्हणाली, "आप्पा, तुमी लय केलंसा. आता आमच्यासाठनं कुणापुढं काय मागू नगासा."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, मग बसून चहा प्यालो असतो. ती लेकराला थोपटतात तशा आवाजात बोलली आणि दार लोटून घेतलं. तूप माझ्या हातातच.

तेव्हापासून पडवीत बसून आहे. माझं चुकलं कुठं, उदय? त्या पोरीसाठी मी कुणाकुणाला हात जोडले ते तुला माहीत आहे. स्वतःसाठी जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही. तू चार राज्यं बघितलेला माणूस, तुला ठाऊक असेल, लोक असं का वागतात. फोनवर नको, फोनवर गिऱ्हाईक असतं. सूनबाईला, लेकरांना आशीर्वाद. सवड काढून दोनच ओळी लिही बाबा, पण लवकर लिही.